बिनफीची विद्या आणि घरांतला एक तास

‘फुकट तें पौष्टिक’ असें आपल्याकडे थट्टेनें म्हणण्याची रीत आहे. विद्येच्या बाबतींत मात्र ही म्हण लावण्याचा प्रसंग आजवर फारसा येत नसे. विद्या म्हटली कीं फी आली, वर्गांत जागा मिळविण्याची यातायात आली, गांव सोडून परक्या ठिकाणीं बिऱ्हाड करणें आलें, वयाची अट आली. आणि स्त्रियांच्या बाबतींत या सर्वांवर घरच्या मंडळींची संमतीहि आली. यांतील एकेक अडथळा ओलांडण्यांत कित्येकांच्या उमेदीचीं वर्षें खर्ची पडलीं, आणि कित्येकांस तो ओलांडतांच आला नाहीं. शिकावयाची इच्छा होती पण शिकतां आलें नाहीं, अशीं माणसें आपल्या प्रत्येकाच्या कुटुंबांत एक-दोन तरी निघतील.

गेल्या पंचवीस वर्षांत या स्थितींत मोठा पालट झाला आहे. जगांतील नामांकित विद्यापीठांनीं व आपल्या देशांतील थोर शिक्षणसंस्थांनीं आपल्या वर्गांचीं दारें इंटरनेटच्या द्वारें उघडीं टाकलीं आहेत. पदार्थविज्ञान, खगोल, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, काव्य, संगीत, संगणक, यांपैकीं कोणताहि विषय घ्या; त्याच्या प्रवेशाचा अभ्यासक्रम घरबसल्या, एक पैहि न देतां व पदवीचा दाखला न दाखवितां ऐकतां येतो. हे अभ्यासक्रम कोठून आले, त्यांत असतें काय, आणि इतकी सोय असूनहि शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक ते मध्येंच कां सोडून देतात, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर विद्यापीठांच्या हातीं कमी आणि आपल्या घरांच्या हातीं अधिक आहे, असें आमचें मत आहे.

व्याख्यान आणि अभ्यासक्रम

जो येईल त्यास ज्ञान द्यावें, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं पुण्यांत वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि विद्वानांचे विचार सामान्य श्रोत्यांस ऐकावयास मिळूं लागले. परंतु व्याख्यान आणि अभ्यासक्रम यांत अंतर आहे. व्याख्यान ऐकून माणूस प्रसन्न होऊन घरीं जातो. दुसऱ्या दिवशीं वक्ता वेगळा आणि विषयहि वेगळा. अभ्यासक्रमांत आजचा पाठ कालच्या पाठावर उभा असतो, मध्यें उदाहरणें सोडवावीं लागतात, आणि चुकलें तर मागें जावें लागतें. व्याख्यानानें विषयाची गोडी लागते. विषयांत प्रवेश व्हावयाचा तो अभ्यासक्रमानेंच.

असे अभ्यासक्रम साऱ्या जगास विनामूल्य देण्याचा पहिला मोठा निर्णय अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे लोक जिला एम्. आय्. टी. म्हणतात त्या संस्थेनें, एप्रिल २००१ मध्यें जाहीर केला. इंटरनेटवर शिक्षण विकून पैसा करण्याच्या योजना त्या काळीं अमेरिकेंत जोरांत होत्या. या संस्थेनेंहि आपल्या अध्यापकांची एक समिति नेमून, या नव्या साधनाचा उपयोग कसा करावा, असें तिला विचारलें. समितीनें सर्व बाजूंनीं विचार केला आणि शेवटीं उलटाच सल्ला दिला: विकूं नये, द्यावें. संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनीं तो सल्ला उचलून धरला. २००२ मध्यें ५० अभ्यासक्रमांचें साहित्य प्रसिद्ध झालें. २००७ अखेर ती संख्या १,८०० पर्यंत गेली. त्यांत अध्यापकांचीं टिपणें आहेत, प्रश्नपत्रिका आहेत, पुष्कळ विषयांचीं वर्गांत दिलेलीं व्याख्यानेंहि आहेत. पदवी मात्र नाहीं. ज्यास पदवी हवी त्यानें रीतसर प्रवेश घ्यावा. ज्यास केवळ विद्या हवी त्यानें ती तशीच घेऊन जावी, असा हा सरळ व्यवहार आहे.

येलच्या वर्गांत

केवळ विषयप्रवेशापुरतें पाहावयाचें तर येल विद्यापीठाचा उपक्रम आमच्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल. येथील कलेतिहासाच्या अध्यापिका डायना क्लायनर यांच्या देखरेखीखालीं डिसेंबर २००७ मध्यें सात अभ्यासक्रम खुले झाले. खगोल, पदार्थविज्ञान, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, आधुनिक इंग्रजी काव्य व धर्मग्रंथांचा अभ्यास असे ते सात विषय होते; पुढें ती संख्या चाळिसांच्या घरांत गेली. हे वर्ग कॅमेऱ्यासाठीं म्हणून भरविलेले नाहींत. विद्यार्थी समोर बसले आहेत, अध्यापक शिकवीत आहेत, आणि आपण मागच्या बाकावर जाऊन बसलों आहों, असा त्यांचा थाट आहे. प्रत्येक व्याख्यानाची शब्दशः लिहिलेली प्रतहि सोबत मिळते. ज्यांस इंग्रजी वाचतां येतें पण परदेशी उच्चार कानास उमगत नाहींत, त्यांस ही प्रत फार उपयोगी आहे. आधीं वाचावें आणि मग ऐकावें.

यांतील दोन-तीन वर्गांत डोकावून पाहूं. चार्ल्स बेलिन यांचा खगोलाचा वर्ग शास्त्रशाखेच्या बाहेरील विद्यार्थ्यांसाठीं आहे. सारें आकाश एका दमांत दाखविण्याचा मोह त्यांनीं टाळला आहे. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीं फिरणारे ग्रह, कृष्णविवरें, आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढविणारी अज्ञात शक्ति, हे तीनच विषय त्यांनीं निवडले आहेत. शाळेंतलें बीजगणित येत असलें म्हणजे पुरे. जो ग्रह दुर्बिणींतूनहि दिसत नाहीं, तो आहे हें ओळखावयाचें कसें? ग्रह ताऱ्याभोवतीं फिरतो असें आपण म्हणतों, पण खरें पाहतां दोघेहि एका समाईक बिंदूभोवतीं फिरत असतात; म्हणून ताराहि किंचित् डोलतो. तो आपल्याकडे येत असतां त्याचा प्रकाश निळ्या बाजूस व दूर जात असतां तांबड्या बाजूस रेसभर सरकतो, आणि त्या सरकण्यावरून न दिसणाऱ्या ग्रहाचा अदमास बांधतां येतो. हें सारें कागदावर आंकडे मांडून आपल्यास स्वतः काढतां आलें, म्हणजे वर्तमानपत्रांत ‘नवा ग्रह सांपडला’ ही बातमी वाचतांना होणारा आनंद निराळाच असतो.

पदार्थविज्ञानाचे अध्यापक रामामूर्ति शंकर हे मद्रासच्या आय्. आय्. टी. मध्यें विजेचें इंजिनियरिंग शिकलेले. पुढें ते पदार्थविज्ञानाकडे वळले. त्यांचा वर्ग बेलिन यांच्याहून कठीण आहे, कारण त्यांत कलनगणित लागतें. पण बारावीच्या विद्यार्थ्यास तो आपल्या पुस्तकाच्या शेजारीं ठेवण्यासारखा आहे. तत्त्वज्ञानाचे अध्यापक शेली केगन यांनीं तर ‘मृत्यु’ हाच विषय घेतला आहे. देहाहून वेगळा आत्मा आहे काय, मृत्यु वाईट कां मानावा, त्याची भीति योग्य कीं अयोग्य, असे प्रश्न ते एकेक करून तर्काच्या कांट्यावर तोलतात. हे गृहस्थ वर्गांतील टेबलावर मांडी घालून बसून शिकवितात. आपल्याकडील पुराणिकबोवांची कोणास आठवण झाली तर नवल नाहीं! त्यांचीं मतें आपल्या घरांतील वडील मंडळींस पटतीलच असें नाहीं. पण न पटणारें मत शेवटपर्यंत ऐकून घेऊन त्यास युक्तिवादानें उत्तर देणें, हाहि शिक्षणाचाच एक भाग होय.

आपल्या देशांतील सोयी

येथें कोणी म्हणेल कीं, हें सारें परदेशचें झालें. परंतु आपला देशहि या कामांत मागें नाहीं. देशांतील सात आय्. आय्. टी. व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं मिळून २००३ मध्यें ‘एन्. पी. टी. ई. एल्.’ हा उपक्रम आरंभिला. प्रथम त्यांत बहुतेक इंजिनियरिंगचेच विषय होते. पुढें मूलशास्त्रें, व्यवस्थापन, भाषा व मानव्यविद्या यांचीहि भर पडली. पुढें ९ जुलै २०१७ रोजीं केंद्र सरकारनें ‘स्वयम्’ हें व्यासपीठ खुलें केलें. नववीपासून पदव्युत्तर वर्गांपर्यंतचे अभ्यासक्रम तेथें आहेत, आणि व्याख्यान, वाचनाचें साहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न व शंकासमाधान असे त्यांचे चार भाग असतात. ज्या घरांत इंटरनेट नीट चालत नाहीं त्यांच्यासाठीं ‘स्वयंप्रभा’ या नांवानें दूरचित्रवाणीच्या वाहिन्याहि त्याच वर्षीं सुरू झाल्या.

येथें शिकण्यास पैसे पडत नाहींत. प्रमाणपत्रासाठीं केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावयाची असेल तर तिची फी भरावी लागते, आणि तीहि आपल्या खुषीची गोष्ट. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस मात्र ही परीक्षा विसरून चालणार नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें, आपल्या विद्यापीठाची संमति असल्यास, एका सत्रांतील शेंकडा ४० पर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून मिळवितां येतात.

मराठीचें काय, असाहि प्रश्न येईल. तेथें अजून हात आंखडता आहे, हें मान्य केलें पाहिजे. तरी एन्. पी. टी. ई. एल्. च्या कांहीं अभ्यासक्रमांचीं मराठी भाषांतरें झालीं आहेत, आणि मुंबईच्या आय्. आय्. टी. नें ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नांवानें संगणकाचे जे छोटे छोटे पाठ तयार केले, त्यांतील पुष्कळ मराठी आवाजांत मिळतात. एकेक पाठ सुमारें दहा मिनिटांचा. ऐकत ऐकत आपल्या संगणकावर तसेंच करून पाहावयाचें. पत्र लिहिणें व हिशेबाचे तक्ते करणें येथपासून पुढें संगणकाची आज्ञावली लिहिण्यापर्यंत मजल जाते.

मध्येंच सुटलेले अभ्यास

येथवर दात्यांची बाजू झाली. आतां घेणाऱ्यांची पाहूं. केवळ ऐकून भागत नाहीं, प्रश्न सोडवून घेणारा कोणी हवा, हें ओळखून २०११ च्या शरद् ऋतूंत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सेबॅस्टियन थ्रन व पीटर नॉर्व्हिग या दोघांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर घेतला. त्यांत दर आठवड्यास प्रश्न होते, मुदती होत्या, परीक्षा होती. १,६०,००० हून अधिक लोकांनीं नांवें घातलीं. शेवटपर्यंत सुमारें २३,००० टिकले. पुढल्याच वर्षीं एम्. आय्. टी. नें विद्युन्मंडलांचा अभ्यासक्रम काढला. मद्रासच्या आय्. आय्. टी. चेच माजी विद्यार्थी अनंत अगरवाल हे त्याचे प्रमुख होते. १,५४,७६३ जणांनीं नांवें नोंदविलीं आणि ७,१५७ जणांस प्रमाणपत्र मिळालें.

हार्वर्ड व एम्. आय्. टी. या दोन विद्यापीठांनीं २०१२-१३ सालच्या आपल्या १७ अभ्यासक्रमांचा जो हिशेब प्रसिद्ध केला, तो तर फार बोलका आहे. एकूण नोंदणी ८,४१,६८७. त्यांतील २,९२,८५२ नोंदण्या अशा कीं, त्यांनीं अभ्यासक्रमाचें पान एकदांहि उघडलें नाहीं. ४,६९,७०२ अर्ध्याच्या आंतच थांबल्या. प्रमाणपत्रापर्यंत पोंचल्या त्या ४३,१९६, म्हणजे शंभरांत सुमारें पांच.

या आंकड्यांवरून लोक आळशी आहेत असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. वाचनालयांत जाऊन चार पुस्तकें चाळणारा मनुष्य कांहीं अपराध करीत नाहीं. विषय काय आहे एवढेंच पाहण्यास पुष्कळ जण येतात, आणि तेवढ्यानें त्यांचें काम होतें. परंतु ज्यांस मनापासून शिकावयाचें होतें तेहि मोठ्या संख्येनें गळतात, ही गोष्ट खरी. फी भरली नाहीं म्हणून गांभीर्य नाहीं, असें कोणी म्हणतात. या दोन विद्यापीठांच्या पुढील वर्षांच्या आंकड्यांत त्यास थोडा आधारहि सांपडतो: २०१७-१८ मध्यें एकंदर नोंदणी करणाऱ्यांत शेंकडा तीनच जण पुरे करणारे निघाले, तर प्रमाणपत्रासाठीं आधीं पैसे भरणाऱ्यांत शेंकडा ४६. पण पैसे भरणारा मनुष्य मुळांतच निश्चय करून आलेला असतो, आणि तेथेंहि निम्म्याहून अधिक गळालेच, हें विसरतां कामा नये.

आमच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा एक बारीकसा निष्कर्ष आहे. विद्युन्मंडलांच्या त्या पहिल्या अभ्यासक्रमाचें परीक्षण करणाऱ्या संशोधकांस असें आढळलें कीं, जे विद्यार्थी इंटरनेटच्या बाहेर, प्रत्यक्ष कोणाबरोबर बसून अभ्यास करीत, मग तो सहाध्यायी असो किंवा विषयाचा जाणकार असो, त्यांचे गुण एकट्यानें शिकणाऱ्यांपेक्षां सुमारें तीन अधिक अपेक्षितां येत. साधन सर्वांस एकच होतें. फरक होता तो सोबतीचा.

तास कोणाचा?

सोबतीच्या बाबतींत एकत्र कुटुंबाइतकें संपन्न कोण आहे? ज्या घरांत आजोबा निवृत्त आहेत, सून पदवीधर आहे, पुतण्या बारावींत आहे, त्या घरांत वर्ग भरविण्यास बाहेरून कोणास बोलवावें लागत नाहीं. परंतु एकत्र कुटुंबाचा जो गुण तोच येथें दोष होऊन बसतो. माणसें पुष्कळ, म्हणून कामें पुष्कळ. आणि कोणाचाहि वेळ त्याचा स्वतःचा नाहीं. त्यांतहि स्त्रियांचा तर नाहींच नाहीं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ मध्यें देशभर लोकांच्या वेळेचा हिशेब घेतला. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा ८१ जणी स्वतःच्या घरचें बिनमोल घरकाम करीत असल्याचें व त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें जात असल्याचें त्यांत दिसलें. पुरुषांत असें काम करणारे शेंकडा २६, आणि त्यांचीं मिनिटें ९७. पांच तासांचें हें काम सलग नसतें, तुकड्यातुकड्यांनीं दिवसभर पसरलेलें असतें. चहा, न्याहारी, डबे, पाणी, दळण, स्वयंपाक, दारावरची घंटा, कोणाचें औषध, कोणाचा अभ्यास. मधल्या फटींत हातांतील मोबाइलवर दहा मिनिटें व्याख्यान ऐकतां येईल खरें. पण गणिताची एक पायरी चुकली असतां ती शोधण्यास लागणारें चित्त त्या फटींत मावत नाहीं. रात्रीं सर्व निजल्यावर ती ऐकावयास बसली तर दिवसभराचा शीण तिच्याआधीं येऊन बसलेला असतो. अशा वेळीं अभ्यास सुटला तर ‘हिला चिकाटी नाहीं’ असें म्हणणें सोपें आहे. आम्ही म्हणतों, तिला उरलेला वेळ मिळाला, ठरलेला वेळ मिळाला नाहीं. उरलेल्या वेळांत करमणूक होते. अभ्यास ठरलेल्या वेळांतच होतो.

म्हणून या विद्येची फी माफ झाली असली तरी किंमत माफ झालेली नाहीं. ती किंमत म्हणजे दिवसाचा एक अखंड तास. आणि तो शिकणाऱ्याच्या एकट्याच्या खिशांत नसून साऱ्या घराच्या खिशांत आहे. मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत आपण हा तास न मागतां देतों. दूरचित्रवाणीचा आवाज कमी करतों, पाहुण्यांस हळू बोलावयास सांगतों. पदवी घेऊन पंधरा वर्षें झालेली सून खगोलाचा पाठ ऐकूं लागली, किंवा शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आजींनीं वही उघडली, तर तोच मान त्यांस मिळतो काय? ‘आतां हें शिकून काय करावयाचें आहे?’ असा प्रश्न पुष्कळ घरांत हंसत हंसत विचारला जातो, आणि त्या हंसण्यानेंच वही मिटते. त्याचें आमचें उत्तर असें: कांहींच करावयाचें नसलें तरी शिकावें. आणि ज्या घरांत मोठीं माणसें शिकतांना दिसतात त्या घरांतील मुलांस अभ्यासाचा उपदेश निराळा करावा लागत नाहीं.

कांहीं व्यवहाराच्या सूचना

एका वेळीं एकच अभ्यासक्रम घ्यावा, आणि पहिला तरी चार ते आठ आठवड्यांहून लांब नसावा. नांव नोंदविण्यापूर्वीं पहिलीं दोन व्याख्यानें ऐकावीं आणि विषयासाठीं आधीं काय येत असावें लागतें तें वाचावें. वार व वेळ ठरवून भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, म्हणजे ती सर्वांस ठाऊक होते. त्या तासापुरतें स्वयंपाकघर, दरवाजा व लहान मुलें कोणी पाहावयाचीं, हेंहि तेव्हांच ठरवावें. आणि ‘कोणी’ याचा अर्थ घरांतील पुरुष मंडळी असाहि होतो. ऐकतांना वही-लेखणी जवळ असावी व प्रश्न कागदावर सोडवावे. शक्य तों दोघांनीं मिळून शिकावें. सासू-सुनेची, आजोबा-नातवाची जोडी यास उत्तम. आठवड्यांतून एकदां, जेवणें झाल्यावर, शिकलेलें दहा मिनिटें मराठींत सर्वांस सांगावें. जें मराठींत सांगतां येत नाहीं तें अजून नीट समजलें नाहीं, असें खुशाल समजावें.

पैशाच्या बाबतींतहि सावध असावें. ज्या परदेशी व्यासपीठांनीं आरंभीं सर्व कांहीं विनामूल्य दिलें, त्यांपैकीं कांहींनीं पुढें प्रमाणपत्रास व तपासून मिळणाऱ्या प्रश्नांस दाम लावले. एम्. आय्. टी. व हार्वर्ड यांनीं मिळून काढलेलें ‘एडएक्स’ २०२१ मध्यें ८० कोटि डॉलरांस एका व्यापारी कंपनीस विकलें गेलें. तेव्हां ‘विनामूल्य’ हा शब्द दिसला तरी त्याखालील बारीक अक्षरें वाचावीं, आणि बँकेच्या कार्डाचा क्रमांक मागितला तर प्रथम घरांतील जाणत्या माणसास विचारावें. एम्. आय्. टी. व येल यांचें वर सांगितलेलें साहित्य पाहण्यास नांवहि नोंदवावें लागत नाहीं.

विद्यापीठांनीं आपलें काम केलें. ज्या वर्गांत बसण्यासाठीं एके काळीं समुद्र ओलांडावा लागे, तो वर्ग त्यांनीं आपल्या माजघरापर्यंत आणून पोंचविला. माजघरांत बसावयास जागा करून देणें मात्र आपल्याच हातीं आहे. आमच्या वाचकांनीं या आठवड्यांत घरच्या सर्व मंडळींस एकत्र बसवून एवढेंच विचारावें, कीं शिकावयाचें राहून गेलें असें तुमच्यापैकीं कोणास वाटतें, आणि त्यास रोजचा कोणता तास द्यावयाचा. पहिलें उत्तर बहुधा ‘छे, आतां माझें काय’ असेंच येईल. तेवढ्यावर विषय सोडूं नये.